नंबर नसलेला जबडा

मिस्तरींनी बावीस वर्षांत डाव्या बाजूने घास चावला नव्हता. त्यांच्या स्वतःच्या डाव्या दाढा ठणठणीत होत्या, या वयात कुणालाही हेवा वाटावा अशा. पण माणसाच्या मनाने एकदा घेतलं की तिथे कुठल्याच डॉक्टरचं काही चालत नाही. बायको सुरुवातीला म्हणायची, अहो, गावभर लोकांचे दात करत फिरता आणि स्वतःचे वापरत नाही, हे कसलं खूळ? मिस्तरी हसून वेळ मारून न्यायचे. पुढे पुढे तिनेही विचारणं सोडून दिलं.

मिस्तरी म्हणजे घरं बांधणारे नव्हेत बरं का. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून कॅपा नि कवळ्या बनवणारा हा माणूस. थोरल्या डॉक्टरांनी नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांना मिस्तरी म्हणून हाक मारली, ती चिकटली ती चिकटलीच. खोलीला एक खिडकी, एक भट्टी, एक लांब टेबल, आणि भिंतभर फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. पुढच्या खोलीत नि त्यांच्यात लाकडी पार्टिशन होतं आणि त्याला हात जाईल एवढी एक झडप. डॉक्टर पेशंटच्या तोंडात गुलाबी लगदा भरून माप घ्यायचे, आणि ते माप झडपेतून आत यायचं. मिस्तरी त्यात प्लास्टर ओतायचे. एक वरचा जबडा, एक खालचा. दोन्ही एका पितळी बिजागरीवर चढवायचे, की माणसाचं तोंड जसं मिटतं तसं ते मिटायचं. वरचा दात खालच्यावर नेमका कुठे टेकतो ते तिथे बघायचं आणि त्या बेताने नवी दाढ घडवायची. आधी मेणात, मग धातूत, मग त्यावर ब्रशने पांढऱ्या पावडरीचा एकेक थर, आणि दर थराला भट्टी. पंधरा दिवस सहज जायचे. तोवर पेशंटने प्लास्टिकची तात्पुरती टोपी घालून मऊमऊ खायचं.

पेशंट कसा दिसतो हे मिस्तरींना कधी कळलंच नाही. त्यांच्याकडे यायची ती नुसती तोंडं. डोळे नाहीत, आवाज नाही, तक्रार नाही. मिस्तरींना ते फार सोयीचं वाटायचं.

खोलीचा एकच कडक नियम होता आणि तो त्यांनीच केलेला. प्लास्टर सुकलं की जबड्याच्या पाठीवर पेन्सिलीने नंबर टाकायचा. वरच्यावरही, खालच्यावरही. नंबराशिवाय जबडा बिजागरीवर चढवायचा नाही म्हणजे नाही. एकदा एका शिकाऊ मुलीने विसरून तसा चढवला, तर मिस्तरींनी तिची अशी खरडपट्टी काढली की ती दुसऱ्या दिवशी आलीच नाही.

आणि तो नियम त्यांनी स्वतःच मोडला. आईसाठी.

आईची डावी खालची दाढ किडली होती. थोरल्या डॉक्टरांनी ती घासून तयार केली आणि म्हणाले, आईची आहे ना, मग माप पण तूच घे. मिस्तरींनी घरी खुर्चीत बसवून माप घेतलं. लगदा तोंडात गेल्यावर आईला हसू आवरेना, माप दोनदा बिघडलं, तिसऱ्यांदा आलं. प्लास्टर ओतून दोन्ही जबडे टेबलावर ठेवले. नंबर टाकला नाही. आईला कसला नंबर द्यायचा? तिचं तोंड काय ओळखता येणार नाही होय? वरच्या डाव्या दाढेचं एक टोक कधीचं तुटलेलं होतं, मिस्तरी लहान असल्यापासून.

त्याच आठवड्यात आईला दवाखान्यात हलवावं लागलं. मिस्तरी सकाळी तिच्याजवळ, दुपारी टेबलाशी, परत संध्याकाळी तिच्याजवळ. टेबलावर आणखी एक काम होतं, एका बाईचं, तीच खालची डावी दाढ. त्या बाईचा खालचा जबडा सुकला होता, त्यावर नंबर पडला होता. वरचा ओला होता म्हणून नंबर राहिला होता. तेवढ्यात आईजवळून निरोप आला की लगेच या. परत आले तेव्हा टेबलावर नंबर नसलेले दोन वरचे जबडे होते. मिस्तरींनी एक उचलला आणि बिजागरीवर चढवला. डोकं ठिकाणावर नव्हतं, पण हातांना कामाची सवय होती. वरच्या दाढेचं एक टोक कमी आहे हे हातांनी बरोबर ओळखलं, आणि ती खाच भरून निघेल असं खालच्या कॅपेचं एक टोक उंच घडवलं. झकास बसलं. वाटीला झाकण बसावं तसं.

आई गेली. चार दिवसांनी मिस्तरी कामावर आले तेव्हा ती कॅप झडपेतून पुढे गेलेली होती. बसवतानाच डॉक्टर आतल्या आत पुटपुटले होते म्हणे की आज मिस्तरींचं काम जरा उंच झालंय. त्यांनी वरून घासून घासून ते टोक खाली आणलं, आणि बाईंना सांगितलं, होईल सवय.

आई जाऊन नऊ दिवस झाले त्या दिवशी मिस्तरींनी तिचे दोन जबडे घरी न्यायला डब्यात भरायला घेतले. वरचा खालच्यावर ठेवून बघितला तर तो डुगडुगला. त्यांना वाटलं, प्लास्टरचा कण आला असेल मध्ये. फुंकर मारली. परत ठेवला. परत डुगडुगला. मग त्यांनी तो उलटा करून दाढा बघितल्या. चारही टोकं शाबूत. हळूहळू मान वळवून त्यांनी बिजागरीकडे बघितलं. तिथे त्यांची आई कुणा परक्या बाईच्या खालच्या जबड्यावर तोंड मिटून बसली होती.

आता तुम्ही म्हणाल, मग सांगायचं ना. कॅप काढून दुसरी करायची, आकाश थोडंच कोसळणार होतं! खरं आहे. थोरले डॉक्टर दोन शब्द ओरडले असते आणि विसरले असते. पण मिस्तरींची दातखीळच बसली. आज सांगतो, उद्या सांगतो. त्या बाईला त्रास झाला तर येईलच की ती, तेव्हा सांगू.

ती आली. एका महिन्याने आली, तीन महिन्यांनी आली. पार्टिशनच्या पलीकडून मिस्तरींना सगळं ऐकू यायचं. डावीकडे काहीतरी अडतंय हो डॉक्टर. तोंड मिटलं तरी मिटल्यासारखं वाटत नाही. कानाच्या पुढे दुखतं, डोकं दुखतं. डॉक्टर निळा कागद चावायला द्यायचे, ठसा बघायचे, जरासं घासायचे. बाई अकरा वेळा आल्या. अकराही वेळा मिस्तरी हातातलं काम खाली ठेवून, मूग गिळून बसले. बाराव्यांदा त्या आल्याच नाहीत. तेव्हा या माणसाला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची त्यांना आजही किळस येते.

फॉर्मवर पत्ता होता, नोकरीचं ठिकाण होतं. बस स्टँड, चौकशी विभाग. मिस्तरी एकदा मुद्दाम तिथे जाऊन उभे राहिले. काचेआड एक तिशीची बाई माइकवरून गाड्या पुकारत होती. गोड, खणखणीत आवाज. एक गाडी पुकारली की माइक बाजूला करायची आणि डाव्या कानापुढे बोट दाबून धरायची. मिस्तरींनी ते तीनदा पाहिलं आणि पाय लावून पळाले. पण जायचं सुटेना. महिन्यातून एकदा तरी स्टँडवर जाऊन तो आवाज ऐकून यायचे. दोन वर्षांनी एके दिवशी माइकवर दुसराच आवाज आला. चौकशी केली तर कळलं, त्या बाईंनी नोकरी सोडली. दिवसभर बोलवत नाही म्हणाल्या. तिथल्या शिपायाने वर कानाजवळ बोट फिरवून दाखवलं, म्हणजे बाईंचं डोकं जरा सरकलेलं आहे. तेव्हापासून मिस्तरी स्टँड टाळून लांबच्या रस्त्याने घरी जायला लागले.

आणि एक गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नाही. आईच्या तुटक्या दाढेसाठी घडलेलं ते टोक आईच्या तोंडात कधी गेलंच नाही. ते गेलं या बाईच्या तोंडात. दुपारी टेबलाशी डबा उघडला की मिस्तरींना वाटायचं, आत्ता कुठेतरी, कुठल्यातरी घरात, आई जेवत असेल. ती बाई चावतेय आणि ते टोक आईच्या दाढेतली खाच शोधतंय, आणि ती खाच तिथे नाही. कधीकधी त्यांना ते बरं वाटायचं. बरं वाटलं की घशाखाली घास उतरायचा नाही.

वर्षं गेली. थोरले डॉक्टर वारले. त्यांची मुलगी दवाखान्यात बसायला लागली. तिला मिस्तरींनी परकरात असल्यापासून बघितलेलं, ती त्यांना काका म्हणायची. तीन वर्षांपूर्वी तिने मशीन आणलं आणि बाहेर पाटी लावली: एका दिवसात दात. मिस्तरी वैतागले. एका दिवसात दात म्हणे! पण खरंच होत होतं. लगदा नाही, प्लास्टर नाही. पेनाएवढा कॅमेरा तोंडात फिरवला की वरचा-खालचा जबडा पडद्यावर उभा. मशीन दाढेचा आकार सुचवणार, डॉक्टर त्यात फेरफार करणार, आणि शेजारच्या पेटीत सिरॅमिकचा एक ठोकळा पाण्याच्या फवाऱ्याखाली बारा मिनिटांत कोरून निघणार. मग भट्टीत एकदा फिरवायचा, रंग द्यायचा, आणि दोन तासांत पेशंट घरी. पार्टिशन काढून टाकलं. मिस्तरींना आता शेवटचा रंग देण्याचं काम उरलं. मेणाच्या सुऱ्या कप्प्यात पडून होत्या. मनातल्या मनात मात्र त्यांना एक गोष्ट मान्य होती. मशीन वरचा नि खालचा जबडा एकाच माणसाच्या तोंडातून एका दमात टिपतं. त्याला आई नाही. आपण केलं ते त्याच्याकडून कधी होणार नाही.

मग एके दिवशी दुपारी डॉक्टरांनी हाक मारली, काका, जरा पडद्यावर नजर टाका, जुनी कॅप तुटलीये, आतून किडलीये, काढायच्या आधी टिपून घेतलीये. मिस्तरी चष्मा पुसत आले. पडद्यावर खालची डावी दाढ, कलिंगडाएवढी मोठी. गालाच्या बाजूला एक जास्तीची बारीक खाच. ती खाच मिस्तरींशिवाय कुणी घालायचं नाही. आणि एक टोक, वरून घासून सपाट केलेलं, तरी बाजूच्या टोकांपेक्षा उंच. कोपऱ्यात नाव. त्यांनी ते वाचलं नाही. वाचायची गरजच नव्हती.

खुर्चीत एक पन्नाशी ओलांडलेली बाई बसली होती. तोंड बधिर केलेलं. हनुवटी जराशी उजवीकडे सरकलेली, बावीस वर्षं त्या उंच टोकाला चुकवत चुकवत तशीच राहिलेली. बाईंनी त्यांच्याकडे बघून ओळख नसताना मान हलवली, नवीन माणसाकडे बघून हलवतात तशी.

डॉक्टर हळू आवाजात सांगत होत्या की बाबांच्या वेळच्या पेशंट आहेत, जबड्याचं जुनं दुखणं आहे, अशांच्या चावण्यात ढवळाढवळ केलेली बरी नाही. बावीस वर्षं सवयीची झालेली दाढ आहे, तर तिचीच हुबेहूब नक्कल काढून टाकते. त्यांनी बटण दाबलं. पेटीत पाणी सुरू झालं, ठोकळा फिरायला लागला. पेटीवरचे आकडे उतरायला लागले, बारा, मग अकरा.

जुन्या पद्धतीत एक बरं होतं. पंधरा दिवस असायचे. चूक टेबलावर पडून राहायची, माणूस तिच्याकडे बघून घाबरायचा, धीर गोळा करायचा. आता बारा मिनिटं. काचेतून मिस्तरींना दिसत होतं, पांढऱ्या ठोकळ्यातून तेच टोक हळूहळू वर येतंय. आईसाठीचं. आणखी वीस वर्षं ते या बाईच्या तोंडात राहणार. आणि खोटं कशाला सांगा, त्यांच्या आत कुणीतरी म्हणालं, राहू दे. तेवढीच तर उरलीये ती.

सात आकडा दिसला तेव्हा त्यांनी डॉक्टरांची बाही ओढली. "बंद करा ते."

मागच्या खोलीत नेऊन त्यांनी सगळं सांगितलं. नंबर, आई, बिजागरी, अकरा वेळा. बोलताना ते फळीला धरून उभे होते. डॉक्टर आधी चकित झाल्या, मग फाइल काढून आणली. त्यांच्या वडलांच्या अक्षरात दर भेटीला एकच ओळ होती: तपासणीत काही नाही, मनाची धास्ती. डॉक्टरांनी ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाल्या की ठीक आहे काका, आत्ता कळलं ते बरं झालं. उजवीकडे त्यांची स्वतःची दाढ शाबूत आहे, तिचा आकार आरशातल्यासारखा उलटा करून घेऊ, हे टोक खाली आणू. जबडा जागेवर यायला काही महिने जातील, कदाचित पूर्ण येणारही नाही. पण त्यांना काही सांगू नका. दात दुरुस्त होतोय ना, मग जुनं उकरून कुणाचं भलं होणार? बाबाही नाहीत आता.

मिस्तरींच्या जिवात जीव आला. अगदी खरं सांगायचं तर त्यांना डॉक्टरांच्या पाया पडावंसं वाटलं. सुटलो. दातही नीट होणार आणि तोंडही उघडावं लागणार नाही. नवा ठोकळा लावला. या खेपेला आकार त्यांनी शेजारी बसून डॉक्टरांकडून करून घेतला, कणाकणाने. कोरून झाला, भट्टीतून निघाला. त्यांनी रंग दिला. जास्तीची खाच घातली नाही. आईचं टोक कुठेच नव्हतं. हातात ती इवलीशी दाढ घेऊन ते बाहेर आले तेव्हा त्यांना दुसऱ्यांदा आई गेल्यासारखं वाटलं.

डॉक्टरांनी दाढ चिकटवली, कागद चावायला दिला, आणि विचारलं, कसं वाटतंय, कुठे अडतंय का? बाई दोनदा दात मिटून बघत होत्या. मग ओशाळं हसल्या.

"मला विचारू नका हो," त्या म्हणाल्या. "मला काहीही वाटतं. सगळे मनाचे खेळ. बरंच वाटतंय म्हणून लिहा, नि दुखलं तरी मी यायची नाही, घाबरू नका."

हे त्या हसत म्हणाल्या. जीभ बधिर असल्याने शब्द जरा जड येत होते, पण आवाज तोच होता. मिस्तरींनी तो वीस वर्षांत ऐकला नव्हता आणि तो आता हातभर अंतरावर बसून त्यांचंच खोटं त्यांना सांगत होता. स्वतःबद्दलचं खरं म्हणून. दात बदलला होता. हे कोण बदलणार होतं?

"बाई, तुमच्या मनात काही नव्हतं," मिस्तरी म्हणाले. "चूक माझी होती. मी तुमची कॅप दुसऱ्याच बाईच्या वरच्या जबड्यावर बनवली."

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. मिस्तरींनी सांगून टाकलं, त्यांच्या पद्धतीने, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत. दुसरी बाई म्हणजे आपली आई, हेही सांगितलं. सांगितल्यावर दया मागितल्यासारखं झालं, म्हणून लाज वाटली.

बाईंनी छातीवरचा कागदी रुमाल काढला, त्याच्या चार घड्या केल्या.

"तुम्हाला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"बसवल्यावर आठवड्याभरात."

"मी येत होते तेव्हा तुम्ही कुठे होता?"

मिस्तरींनी जिथे पार्टिशन होतं तिकडे हात केला. तिथे आता पाण्याचं मशीन होतं. बाईंनी तिकडे बघितलं. त्यांना रडू आलं असतं, चिडल्या असत्या, तर मिस्तरींना सोपं गेलं असतं. त्या नुसत्या सांगत गेल्या, सपाट आवाजात. नवरा म्हणायचा, तुला दुखण्याची हौस आहे. सासूने वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलं. सात वर्षं झोपेच्या गोळ्या. मुलगी मोठी झाली ती हेच बघत, की आई काहीही सांगते. आता तिचं पोट दुखलं तरी मुलगी मला सांगत नाही, म्हणते तुझ्यासारखं नको व्हायला.

"मला हे लिहून द्या," बाई म्हणाल्या. "ती सहा वाजता न्यायला येणार आहे. मी सांगितलं तर तिला पटायचं नाही."

मिस्तरींनी डॉक्टरांकडे बघितलं. वडलांची फाइल अजून त्यांच्या हातात होती. त्यांनी ती खाली ठेवली, दवाखान्याच्या नावाचा कागद काढून मिस्तरींपुढे सरकवला आणि पेन दिलं. मिस्तरींनी आयुष्यात नंबर सोडून फारसं काही लिहिलं नव्हतं. त्यांनी लिहिलं की या बाईंच्या खालच्या डाव्या दाढेची कॅप मी चुकीच्या जबड्यावर बनवली, मला ते माहीत होतं, मी सांगितलं नाही, त्यांचं दुखणं खरं होतं. खाली सही केली, तारीख घातली आणि कागद दिला.

बाईंनी चष्मा लावून एकेका शब्दाखाली बोट फिरवत तो वाचला. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं, परत मागे गेलं, परत पुढे आलं. मग त्यांनी कागद परत केला.

"आजची तारीख नको," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कळलं तो दिवस घाला."

मिस्तरींना कॅलेंडर बघावं लागलं नाही. त्यांनी आजची तारीख खोडली आणि शेजारी ती लिहिली, वार, महिना, साल.

बाईंनी ती बघितली. "चौतीस वर्षांची होते मी," त्या म्हणाल्या, आणि कागद पर्समध्ये ठेवून मुलीची वाट बघायला बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.